मावशीकडची शांत पोरं

पोरं सांभाळणाऱ्या बायकांचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. गॅसच्या ओट्याखाली प्लॅस्टिकच्या पिशव्या जमतात तसे ते आपोआप जमत जातात. सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत संध्याकाळी कामावरून सुटलेल्या बायका पोरं घ्यायला येतात, दोन मिनिटं ओट्यावर टेकतात, आणि एकीनं तोंड उघडलं की दुसरी म्हणते, हे तर काहीच नाही, माझं ऐक!

आम्ही बहुतेक खानदेशातल्या. शिरपूर, पारोळा, अमळनेर, शहादा. नवरे मिलमध्ये किंवा लूमवर. बायका साड्यांच्या घड्या घालतात, नाहीतर साडीवर स्टोन चिकटवतात. प्रत्येकीच्या कडेवर लहान पोर, आणि प्रत्येकीची सासू नेमकी तेव्हाच गावाला गेलेली. माझीही गेली. धाकट्या जावेचं बाळंतपण निघालं आणि दीड वर्षाची माझी दुर्वा एका सकाळी माझ्या पदरात आली. त्यासाठी काढलेली रजा संपत आली होती. दुर्वाला दिवसभर कुणाच्या हाती द्यायची, एवढा एकच प्रश्न माझ्यासमोर होता. तो मी ज्याला-त्याला विचारत सुटले आणि बदल्यात मला हे किस्से मिळाले.

यातले काही सांगते. हसू आलं तर हसा. आम्हीही आधी हसलोच होतो.

*

रेखाताई आमच्यात सगळ्यात जुन्या. रिंग रोडच्या मार्केटात त्या साड्यांच्या घड्या घालतात, मी त्यांच्या शेजारी बसते. त्यांचा धाकटा ओम तीन वर्षांचा होता तेव्हा त्याला सांभाळायला एक बाई आली. रेखाताईंनी तिला चहा दिला आणि मुलाखत सुरू केली. "तुमनं गाव कोनतं वं?"

बाईनं पारोळ्याजवळचं कुठलंसं गाव सांगितलं. मग मामा कुठले, आत्या कुठं दिली, असं करत करत निघालं की बाईची मावसबहीण रेखाताईंच्या माहेरच्या भावकीत दिलेली आहे. संपली मुलाखत! "मंग आपलीच शे," म्हणून रेखाताईंनी पोरासोबत घराची किल्लीही दिली. बाईनं आधी कधी परकं पोर सांभाळलं होतं का, घास कसा भरवते, रागावली तर काय करते, यातलं काही विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. आमच्याकडे कुणाच्याच येत नाही. गाव कळलं की माणूस कळलं, असा आमचा हिशेब.

आठवडाभरातच रेखाताई घरी आल्या तर दाराला कुलूप. बाईचा फोन बंद. सगळी गल्ली शोधायला बाहेर पडली. कुणी खाडीच्या कडेनं गेलं, कुणी मंदिरात बघून आलं. रेखाताईंचा नवरा अनवाणीच रेल्वेलाइनीकडे धावला. दिवेलागणीला रिक्षातून बाई उतरली. कडेवर ओम, त्याच्या गालाला हळद, डोक्यावर नवी टोपी, हातात नारळ. पांडेसऱ्याला तिच्या भाचीची हळद होती. पोराला एकटं कुठं टाकायचं, म्हणून घेऊन गेली होती. आपलेच तर पाहुणे होते!

रेखाताईंनी ओमला ओढून स्वतःच्या कडेवर घेतलं. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "कोणत्या भाचीची?"

हा किस्सा आम्ही नेहमी हसत सांगतो. बाईलाही कुणी काढलं नाही, नात्यातल्या बाईला काढायचं तरी कसं? रेखाताईंच्या नवऱ्याला मात्र तेव्हापासून रेल्वेची शिट्टी सहन होत नाही.

*

वंदना जालन्याकडची. गल्लीत तिच्या गावचं कुणी नाही, त्यामुळे तिनं कुणावर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. तिनं मोबाईलवर विश्वास ठेवला. चार वर्षांच्या विराजला घरात ठेवायचं, बाहेरून कुलूप घालायचं, जुना फोन फळीवर टेकवून व्हिडीओ कॉल लावायचा. दुसरा फोन तिच्यासमोर, कडोदऱ्याच्या युनिटमध्ये स्टोनच्या डब्यांना टेकवलेला. स्टोन चिकटवता चिकटवता ती पडद्याशी बोलत राहायची. पाणी पी. खिडकीजवळ जाऊ नको. आता झोप. सोबतच्या बायका तिला "कॅमेरावाली" म्हणायच्या.

एका दुपारी विराज बिस्किटाच्या डब्यासाठी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढला. हाताला लायटर लागला, पाय गॅसच्या बटणाशी. वंदना उठून उभी राहिली आणि किंचाळली, "उतर! आधी खाली उतर!" कोपऱ्यात एक वायरमन स्टुलावर चढून ट्यूबलाइट बदलत होता. तो घाबरून ट्यूबसकट खाली उतरला!

वायरमन उतरला. विराज नाही उतरला.

किल्ली वंदनाच्या पर्समध्ये, कडोदऱ्याला. सोबतच्या एकीनं गल्लीत फोन लावला, तेव्हा इथल्या बायकांनी पहारीनं कडी तोडली. पोर वाचलं, तळहात भाजला. अजून तिथली कातडी ताणल्यासारखी दिसते. कुणी विचारलं तर वंदना सांगते, खेळताना लागलं. पण तिनं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. कॉल शेवटपर्यंत कट झाला नव्हता.

*

एवढं ऐकल्यावर कुणीही सिंधूमावशीकडेच जाईल. मीही गेले.

सिंधूमावशी विधवा. गल्लीच्या टोकाला तिचं दोन खोल्यांचं घर, आणि त्यात गल्लीतली झाडून सगळी पोरं. मी दुर्वाला घेऊन गेले तेव्हा काय विचारायचं ते मनात घोकून गेले होते. पण विचारपूस मावशीनंच केली. माहेर कुठलं, सासर कुठलं, सासूचं नाव काय. कप अर्धा व्हायच्या आत ती माझ्या सासूची लांबची नणंद निघाली. मला इतकं हलकं वाटलं की मी घोकलेलं सगळं विसरले.

मावशीची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. तिच्या घरातून रडण्याचा आवाज येत नाही. एवढी पोरं घरात, आणि बाहेरून वाटावं आत चिटपाखरूही नाही. कुणाला सांगून खरं वाटत नव्हतं! "हातच तसा आहे तिचा," रेखाताई म्हणायच्या. संध्याकाळी आम्ही दारात जायचो आणि जी ती तेच विचारायची, "रडना का वं मावशी?" आणि मावशी पोर खांद्यावर टाकून देत म्हणायची, "नही वं माय, झोपेल शे."

दुर्वाही संध्याकाळी झोपलेलीच मिळायची. घरी नेऊन स्वयंपाक, भांडी, नवऱ्याचा डबा, सगळं उरकायला मला वेळ मिळायचा. मी मनातल्या मनात मावशीचे पाय धरायचे.

*

आता सुनंदाचं ऐका. ही माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. हिचा वेदांत वर्षाचाही नव्हता. आणि ही स्वतःच कामाला होती पोर सांभाळायच्या! वेसूच्या एका उंच इमारतीत, बाराव्या मजल्यावर, एका मॅडमच्या बाळाची आया.

तिथं नोकरी लागताना तिचं आधार कार्ड घेतलं, पोलीस व्हेरिफिकेशन झालं, छातीचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं. नखं बघितली. आधीच्या दोन घरी मॅडमनी स्वतः फोन करून विचारलं, बाळाला मारत तर नव्हती ना? मग आठवडाभर ट्रायल. तेव्हा मॅडमची आई सोफ्यावर बसून हिच्याकडे टक लावून बघत राहायची. प्रत्येक खोलीत कॅमेरा, आणि कॅमेऱ्याला आवाजही. एकदा सुनंदानं जांभई दिली तर वरून मॅडमचा आवाज आला, "सुनंदा, नींद पूरी नहीं हुई क्या?" ही इतकी दचकली की उभ्या उभ्या भिंतीला नमस्कार केला!

ओट्यावर हे ऐकून आम्ही पोट धरून हसायचो. मॅडमचे नखरे म्हणजे आमचा रोजचा सिनेमा. सुनंदा नक्कल करूनही दाखवायची. खाऊ घालताना बाळाला बसतंच करायचं, निजवायचं नाही. बाथरूममध्ये एक क्षणही एकटं सोडायचं नाही. औषध फक्त मॅडमच्या हातून. शिवाय संध्याकाळी मॅडमना सगळं सांगायचं, बाळ किती खेळलं, कशाला हसलं, कशाला रडलं.

वंदनानं एकदा तिला विचारलं, मॅडमनी तुझं रक्तसुद्धा तपासलं, आणि वेदांतला मावशीकडे ठेवताना तू काय तपासलंस?

सुनंदा हसत म्हणाली, "गाव."

*

रविवारचा किस्सा तर सगळ्या गल्लीचा आहे.

रविवारी पोरं घरी असायची आणि गल्लीत नुसता आक्रोश. वेदांत सकाळपासून किरकिर करायचा, घामानं भिजायचा, दूध ओकून टाकायचा. दुर्वा हातपाय आपटायची. सोमवारी सकाळी मावशीच्या दारात सोडलं की थोड्या वेळात सगळं शांत! कामावर निघताना आम्ही एकमेकींना सांगायचो, बघा, पोरांना मावशीचा किती लळा लागलाय. आईपेक्षा तीच हवी असते.

खरं सांगते, मला मत्सर वाटायचा. एका रविवारी दुर्वा कशानंच थांबेना, तेव्हा मीच तिला उचलून मावशीकडे नेलं. मावशी तिला आत घेऊन गेली. थोड्या वेळानं आतून काही ऐकू येईना, तशी मी निश्चिंत होऊन घरी आले आणि जेवले.

*

सिंधूमावशीचं बिंग फुटलं ते एका वरातीमुळे.

त्या दिवशी मॅडमचं बाळ आजोळी गेलं होतं, म्हणून सुनंदा दुपारीच सुटली. गल्लीत शिरली तर समोर लग्नाची वरात. आमच्या खानदेशी वराती कशा असतात ते सुरतेत राहणाऱ्याला सांगायला नको. रणरणत्या उन्हात टेम्पोवर डीजे, पुढे अख्खं वऱ्हाड धुळीत नाचतंय, नवरदेव घोड्यावर घामाघूम, मुहूर्त केव्हाच टळलेला. टेम्पो नेमका मावशीच्या दारासमोर अडकला होता. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. सुनंदाला वाटलं पोरं भेदरून रडत असतील, म्हणून ती गर्दीतून वाट काढत आत शिरली.

मावशी दारात उभी राहून वरात बघत होती. आतल्या खोलीत चटईवर पोरं ओळीनं झोपलेली. बाहेर कान फाटतील असा आवाज, भिंतीवरचं कॅलेंडर हलतंय, आणि एकाही पोराची पापणी हलत नव्हती.

सुनंदानं वेदांतला उचललं. त्याची मान मागे पडली. तिनं हाक मारली, गालावर पाणी मारलं, शेवटी दंडाला चिमटा काढला. काही नाही. मग शेजारच्या दुर्वाला हलवलं. तेच. तिनं मला मार्केटात फोन केला. डीजेमुळे मला तिचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त ती माझं नाव घेतेय एवढं कळत होतं. मी हातातली साडी तशीच टाकून निघाले.

सगळ्या पोरांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, काय पाजलं? आम्ही म्हटलं, दूध.

दुर्वा संध्याकाळी उशिरा जागी झाली. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले, पण माझं बोट धरून ठेवलं होतं. इतर पोरंही एकेक करून उठली. वेदांत सगळ्यांत लहान. त्याला आयसीयूच्या काचेच्या खोलीत ठेवलं. तो जागा झाला तेव्हा सुनंदाला ओळखतोय की नाही ते कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, श्वास मधे मधे कमी पडला आहे. किती नुकसान झालं ते पोर वाढेल तसं कळेल. वाट बघा.

*

पोरांना पाजायची बाटली मावशीनं लपवलेलीसुद्धा नव्हती. देवाच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी होती. खोकल्याचं औषध, त्यात कुठलीशी गोळी कुटून टाकलेली. सकाळी आल्यावर एकदा, दुपारी एकदा.

आम्ही सगळ्या तिच्या ओट्यावर जमलो. तिचे केस धरायचे, तिला रस्त्यावर ओढायची, असं काय काय ठरवून गेलो होतो. ती शांतपणे तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "मी मन्हा पोरेसले बी देयेल शे. कापूस येचाले जाऊत तवय. मरनात का त्या?"

स्वतःच्या पोरांनाही हेच पाजलं म्हणते, आणि वर विचारते, मेली का ती! वंदना तिच्या अंगावर धावली. मावशीनं सूप खाली ठेवलं आणि आमच्याकडे एकेकीकडे बघितलं.

"दारवर उन्यात की काय इचारतस तुम्ही? रडना का? इतलंच. खेळना का, हासना का, अशे कोन्ही इचारं का कधी?"

दारात येऊन खेळलं का, हसलं का, असं आम्ही कुणीच कधी विचारलं नव्हतं. सुनंदा त्या वेळी दवाखान्यात होती, पण तिनंही विचारलं नव्हतं.

दवाखान्यानं कळवलं म्हणून पोलीस आले. जबाब द्यायला कोण कोण आहे, विचारलं. रेखाताई म्हणाल्या, म्हाताऱ्या बाईवर कसली केस करता, आपल्या नात्यातली आहे. आणखी दोघी त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. मी आणि वंदनानं जबाब दिला, पण तोवर मावशीचा मुलगा तिला घेऊन निघून गेला होता. मला रेखाताईंचा राग आला. अजून येतो. त्यांच्या शेजारी बसून मी रोज घड्या घालते, पण डबा वेगळा खाते.

*

काही महिन्यांनी खबर आली की मावशी सुरतेतच कोसाडला आहे, मुलाच्या क्वार्टरमध्ये, आणि तिथं पुन्हा पोरं सांभाळते. आम्ही पोलिसांना कळवलं. ते बघतो म्हणाले. मग मी आणि सुनंदा स्वतःच गेलो.

खालच्या नळावर बायका भेटल्या. आम्ही सगळं सांगितलं, बाटलीचं, गोळीचं, काचेच्या खोलीचं. त्या ऐकून घेत होत्या. एकीनं संशयानं विचारलं, तुम्ही कुठल्या? मावशीशी तुमचं काही भांडण आहे का? दुसरी तर हसली. म्हणाली, पोरं तिच्याकडे इतकी शांत असतात की लोकांची नजर लागणारच.

सुनंदानं कडेवरच्या वेदांतला तिच्यापुढे धरलं. तो दीड वर्षाचा झाला होता, पण मान अजून तोल सावरत धरायचा. "हा पण शांतच आहे," ती म्हणाली.

एक पोरगेलीशी बाई बादली तशीच टाकून जिना चढत मावशीच्या दाराकडे पळाली. बाकीच्या नळ बंद व्हायच्या आत भांडी भरून घेत होत्या.

*

आता शेवटचा किस्सा.

दवाखान्यातून आल्यापासून वेदांत रडला नव्हता. भूक लागली तरी बारीक कण्हायचा, पडला तरी नुसता बघत राहायचा. सुनंदानं वेसूचं काम सोडलं, दुर्वालाही तीच बघायची. पण घर किती दिवस असं चालणार? पुन्हा कुणाकडे तरी पोर ठेवणं भाग होतं, आणि माझंही तेच. मागच्या गल्लीत मंगलाबाई म्हणून एक यवतमाळकडची बाई पोरं घेते असं कळलं.

सुनंदानं तिला गाव विचारलं नाही. पोराला काय भरवता, कुठं झोपवता, कडी आतून लागते का, औषधं कुठं ठेवता, रागावल्यावर काय करता, सगळं विचारलं. मग म्हणाली, मी काही दिवस इथंच बसणार. मंगलाबाईंना ते आवडलं नसावं, पण त्यांनी चटई अंथरून दिली. पहिल्या दिवशी मीही सुट्टी काढून दुर्वाला घेऊन गेले. पुढचं ठरवायच्या आधी दोघींनी मिळून नीट बघायचं असं आमचं ठरलं होतं.

दुपारी पोरं खाली खेळत होती. वेदांतच्या हातात एक लाकडी चमचा होता. दुर्वानं तो खसकन ओढून घेतला आणि त्याच्यापासून लांब जाऊन बसली. वेदांतनं रिकाम्या हाताकडे बघितलं. मग दुर्वाकडे. त्याचा खालचा ओठ थरथरला, तोंड उघडलं, बराच वेळ आवाजच आला नाही, चेहरा लालबुंद झाला. आणि मग त्यानं भोंगा पसरला. घसा फाटेल असा, दम घेऊन घेऊन, सगळ्या गल्लीत ऐकू जाईल असा.

मंगलाबाई आतून धावत आल्या. दुर्वाच्या हातातून चमचा घेऊन त्याला द्यायला निघाल्या. सुनंदानं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "रडू द्या त्याला."

मंगलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मीही मान डोलावली. पलीकडच्या घरातला माणूस रात्रपाळी करून झोपला असावा. पोराला गप्प करा म्हणून तो भिंतीवर थापा मारू लागला. आम्ही तिघी तिथंच उभ्या राहिलो, कुणी हललं नाही.